मेंटेनन्समध्ये ‘पीअर लर्निंग’ सेवा: कशासाठी पैसे मोजावेत, कशासाठी नकोत

मी एका पॅकेजिंगच्या कारखान्यात मेंटेनन्सची शिफ्ट इन्चार्ज आहे. आमच्याकडे पाऊच भरून सील करणारी मशिनं, कन्व्हेयर, कॉम्प्रेसर आणि शेवटच्या टोकाला पेट्या रचणारे रोबो आहेत. गेल्या वर्षी आमच्या एचआरने बाहेरच्या एका कंपनीकडून ‘पीअर लर्निंग सोल्यूशन’ घेतलं. वर्गात बसवून द्यायचं ट्रेनिंग कमी करायचं, लोकांनी कामाच्या जागी एकमेकांकडून शिकायचं, आणि त्यासाठी लागणारी सगळी व्यवस्था ही कंपनी लावून देणार, असा करार. कंपनीचं नाव घेत नाही. ही सेवा विकणाऱ्या बऱ्याच जणांचं पॅकेज साधारण असंच असतं: एक अ‍ॅप, एक डॅशबोर्ड आणि सुरुवातीचे काही महिने येणारा एक समन्वयक. या तिन्हींना मी वेगवेगळे गुण देणार आहे आणि ते एकमेकांच्या जवळपासही नाहीत.

आधी काय होतं ते थोडक्यात. दरवर्षी ठरलेली ऑनलाइन मॉड्यूल्स. एका खिडकीत व्हिडिओ चालू, दुसऱ्या खिडकीत वर्क ऑर्डर, मधूनमधून ‘नेक्स्ट’ दाबायचं. शेवटी क्विझ, आणि तिची उत्तरं आदल्या शिफ्टकडून व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली. सहकाऱ्यांनी एकमेकांना ज्ञान दिल्याचं आमच्याकडचं सगळ्यात यशस्वी उदाहरण म्हणजे ही उत्तरं. त्यामुळे जुनी पद्धत बदलायला माझा विरोध असण्याचा प्रश्नच नव्हता.

विकायला आलेल्या माणसाचं सादरीकरण मात्र खटकलं. पहिल्याच स्लाइडवर ७०:२०:१०. माणूस ७० टक्के प्रत्यक्ष कामातून शिकतो, २० टक्के इतरांकडून आणि १० टक्के वर्गातून, म्हणून तुमचं वर्गातलं ट्रेनिंग म्हणजे वाया. हे आकडे कुठून आले ते माहीत असलं की स्लाइडचा रुबाब उतरतो. अमेरिकेतल्या सेंटर फॉर क्रिएटिव्ह लीडरशिप या संस्थेत १९८०च्या दशकात यशस्वी अधिकाऱ्यांना विचारलं गेलं, की तुम्ही महत्त्वाचं काय आणि कशातून शिकलात. त्यांनी मागे वळून जे सांगितलं त्यातून पुढे हे गोल आकडे रूढ झाले. अधिकाऱ्यांच्या आठवणी आहेत त्या. माझ्या फिटरने मोटरचा वेग सांभाळणाऱ्या इन्व्हर्टरचं पॅरामीटर सेटिंग कसं शिकावं, याचं प्रमाण त्यातून काढता येत नाही. दिशा बरोबर आहे, पण दशांशात बोलू नका, एवढंच म्हणणं.

आता अ‍ॅप. फोनवरून छोटा व्हिडिओ किंवा फोटो आणि दोन ओळी टाकायच्या, मशिनचा टॅग लावायचा, बाकीच्यांनी बघायचं. दिसायला सोपं आहे, नेट गेलं तरी टाकलेलं हरवत नाही, मराठीत टाइप केलेलं शोधता येतं. हे तिन्ही गुण खरे आहेत. अडचण पुढे आहे.

आमच्याकडे एक ज्येष्ठ फिटर आहेत. सगळे त्यांना काका म्हणतात, मीही. बेअरिंग जायला लागलंय हे ते लांब स्क्रू ड्रायव्हरने ओळखतात. टोक बेअरिंगच्या हाउसिंगवर टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि ऐकायचं. चांगलं बेअरिंग सलग घुमतं. ग्रीस कमी असेल तर कोरडी खरखर येते, आणि बॉलचा पृष्ठभाग सोलायला लागला असेल तर ठराविक अंतराने टिक-टिक. फिरत्या भागापासून हात, बाही, ओळखपत्राची दोरी लांब ठेवायची, हे त्यातलं पहिलं वाक्य. अ‍ॅपवाल्यांना हे सोनं वाटलं. लगेच व्हिडिओ काढला. काका छान बोलले, प्रकाश चांगला होता. नंतर पाहिलं तर बेअरिंगचा आवाजच नाही! फोनला सलग येणारी घुमघुम म्हणजे पार्श्वभूमीतला गोंगाट वाटतो, तो दाबून टाकतो आणि माणसाचं बोलणं पुढे आणतो. जे ऐकायचं तेच गाळलेला हा व्हिडिओ बरेच दिवस अ‍ॅपवर ‘सर्वाधिक पाहिलेला’ म्हणून मिरवत होता.

काकांना मी तो दाखवला. ते म्हणाले, “मॅडम, व्हिडिओ राहू द्या. पोराला महिनाभर माझ्याबरोबर द्या.”

अ‍ॅपमधली सगळ्यात वाईट गोष्ट म्हणजे गुणफलक. पोस्ट टाकली की गुण, कुणी ‘लाइक’ दिलं की गुण, महिन्याच्या शेवटी पहिल्या तिघांचे फोटो. पहिल्याच महिन्यात मॅन्युअलच्या पानांचे फोटो पडायला लागले, एकेक पान एकेक पोस्ट. मग सुरक्षेचे सुविचार. अव्वल आला तो भांडारात बसणारा एक हुशार मुलगा, ज्याने मशिनला कधी पाना लावलेला नाही. त्याचं काही चुकलं नाही. ज्याचे गुण होते ते त्याने केलं. काका खालून दुसरे.

याच बाबतीत झेरॉक्स कंपनीचं उदाहरण मला फार आवडतं, आणि सेवा विकणाऱ्यांना ते ठाऊक असायला हवं होतं. १९८०च्या दशकात ज्युलियन ऑर नावाचा मानवशास्त्रज्ञ तिथल्या कॉपियर दुरुस्त करणाऱ्या तंत्रज्ञांबरोबर फिरला. कंपनीने त्यांना जाडजूड दुरुस्ती-पुस्तिका दिल्या होत्या. हा एरर आला तर हे करा, तो आला तर ते. पण पुस्तिकेत न बसणारा बिघाड आला की तंत्रज्ञ एकमेकांना किस्से सांगून तो सोडवत. ‘असंच एक मशिन मागे आलं होतं’ इथून सुरुवात, आणि किस्सा सांगता सांगताच निदान. कंपनीच्या लेखी तो गप्पांमध्ये गेलेला वेळ होता; ऑरने दाखवलं की तेच खरं काम होतं. पुढे १९९०च्या दशकात झेरॉक्सने ‘युरेका’ नावाची व्यवस्था उभी केली. तंत्रज्ञांनी युक्त्या लिहायच्या, जाणत्या सहकाऱ्यांनी त्या तपासायच्या, मग त्या सगळ्यांना मिळायच्या. युक्तीसाठी रोख बक्षीस ठेवावं का, हा विचार झाला होता. तंत्रज्ञांना त्यापेक्षा युक्तीखाली स्वतःचं नाव हवं होतं. आपल्या बरोबरीच्यांनी तपासून मान्य केलेलं, आपल्या नावाचं काम. आमच्या अ‍ॅपमध्ये नाव बारीक आणि गुण ठळक, आणि तपासणी कुणाचीच नाही.

तपासणी नसण्याचा फटकाही बसला. सील करणाऱ्या भागाचा गार्ड उघडा ठेवून मशिन कसं थोडं थोडं पुढे न्यायचं, याचा एक व्हिडिओ कुणीतरी हौसेने टाकला. गार्ड उघडला की मशिन थांबवणारं जे इंटरलॉक असतं, ते चकवायची ती युक्ती होती. गरम जबडे असलेल्या मशिनवर! मी पाहिला तोवर त्याला भरपूर लाइक होते. काढायला सांगितलं तर कंपनीच्या मदतकक्षाने तिकीट नंबर दिला आणि पोस्ट जागच्या जागी राहिली. शेवटी आमच्या आयटीने ज्याने टाकली त्याचं खातंच तात्पुरतं बंद केलं. अनौपचारिक शिक्षणाचे गोडवे गाताना हे कुणी सांगत नाही की माणसं एकमेकांकडून वाईट सवयीही तितक्याच पटकन उचलतात. १९८६च्या चॅलेंजर यानाच्या अपघाताचा अभ्यास करताना समाजशास्त्रज्ञ डायान वॉन यांनी हेच मांडलं होतं: नियमापासून थोडं ढळलं, काही बिघडलं नाही, मग तेच नेहमीचं झालं, आणि सगळे अनुभवी लोक त्याला सरावले. म्हणून वीज बंद करून कुलूप लावणं, उंचीवरचं काम, प्रेशर सोडणं, हे आमच्याकडे अजूनही वर्गात, सहीसकट, परीक्षेसकट शिकवलं जातं. ते तसंच राहावं. याबाबतीत मी हट्टी आहे.

अ‍ॅपला पाचपैकी दोन.

आता समन्वयक. पॅकेजमधली खरी वस्तू ही, आणि गंमत म्हणजे माहितीपत्रकात तिला एक ओळ आहे.

ज्या बाई आमच्याकडे आल्या त्या स्वतः कधीतरी शॉप फ्लोअरवर काम केलेल्या असाव्यात, कारण पहिल्या दिवशी त्या सभागृहात गेल्याच नाहीत. हँडओव्हरच्या वेळी लाइनवर येऊन उभ्या राहिल्या. ‘तुमचं ज्ञान शेअर करा’ असं त्या कधी म्हणाल्या नाहीत. सुटणाऱ्या शिफ्टला त्या एवढंच विचारायच्या, “आज कुठे अडलात?” उत्तर आलं की पांढऱ्या फळ्यावर मशिन नंबर आणि एक ओळ. शेजारी मोकळी जागा. पुढच्या शिफ्टमधल्या कुणाला माहीत असेल तर तो लिहायचा आणि खाली नाव.

हे ऐकायला काहीच नाही. पण ज्याला माहीत आहे त्याला ‘सांग’ म्हटलं तर त्याला सुचत नाही, कारण त्याच्या लेखी त्यात सांगण्यासारखं काय आहे? मात्र कुणीतरी अडलंय असं समोर आलं की तोच माणूस न बोलावता येतो. एक उदाहरण देते. फळ्यावर लिहिलं होतं, ‘४ नंबर, आडवं सील एका बाजूने सुटतं, टेंपरेचर वाढवलं तरी सुटतं.’ सील सुटलं की ऑपरेटर हीटरचं तापमान वाढवतो, ही सगळीकडची सवय. दुसऱ्या शिफ्टच्या एका अबोल मुलाने खाली लिहिलं, ‘कार्बन लावून बघा.’ मी त्यालाच दाखवायला सांगितलं. त्याने मशिन बंद करून कुलूप लावलं, जबडे थंड होऊ दिले, मध्ये पांढरा कागद आणि त्यावर कार्बन पेपर ठेवला, हाताने जबडे मिटवले आणि उघडले. कागदावर जबड्याच्या रेघांचा ठसा: डावीकडे गडद, उजवीकडे जाता जाता पुसट, शेवटची दोन बोटं जवळजवळ कोरी. तापमानाचा संबंधच नव्हता, जबडे समांतर नव्हते. शिम, म्हणजे पातळ पत्र्याची पट्टी घातली, पुन्हा ठसा घेतला, सगळीकडे सारखा आला. तो मुलगा आमच्याकडे कितीतरी दिवस होता आणि त्याला हे येतं हे मला माहीत नव्हतं. आधीच्या नोकरीत शिकला होता. विचारलंच नव्हतं कुणी.

तो ठसा आता त्या मशिनच्या पॅनेलच्या आत चिकटवलाय, चांगला आणि वाईट शेजारी शेजारी. पॅनेलवर क्यूआर कोड आहे. स्कॅन केला की अ‍ॅपमध्ये फक्त त्या मशिनच्या नोंदी उघडतात. अ‍ॅपचा खरा उपयोग मला इथे दिसला. फळ्यावर सुटलेला प्रश्न, तपासून, नावासकट तिथे जातो. उलट दिशेने, म्हणजे अ‍ॅपमध्ये टाका आणि कुणी बघेल अशी आशा धरा, यातून काही होत नाही.

बाईंनी दुसरं केलं ते जास्त अवघड होतं. आमच्या शिफ्ट काट्यावर बदलायच्या. एकजण पंच करून बाहेर, दुसरा आत, मध्ये एकाच वेळी दोघं नाहीतच. एकमेकांकडून शिका म्हणायचं आणि एकमेकांना भेटू द्यायचं नाही, असा कारभार. बाईंनी प्लँट मॅनेजरसाहेबांना लाइनवर उभं करून हँडओव्हर दाखवला आणि पंधरा मिनिटांचा ओव्हरलॅप मंजूर करून घेतला. पगारी. हे मी कैक वेळा मागितलं होतं. बाहेरच्या माणसाचं ऐकतात, असो.

तिसरं, काकांचं प्रकरण. ते सांगायला कचरत होते याचं कारण अहंकार नव्हता. “सगळं सांगून टाकलं तर मग माझं काय काम?” असं ते एकदा स्पष्टच बोलले. यावर भाषण देऊन भागत नाही. बाईंनी त्यांच्या कामाच्या वर्णनात ‘सोबत शिकवणे’ हे काम म्हणून घालायला लावलं, त्याचे आठवड्याचे तास ठरवले आणि त्या तासांत त्यांना ब्रेकडाउनला बोलवायचं नाही असं लेखी करून घेतलं. मग मुलगा दिला. काकांनी त्याला स्वतःच्या क्रमाने शिकवलं. आधी काम संपतानाची कामं: गार्ड परत बसवणं, बोल्ट टॉर्कला, म्हणजे ठरलेल्या जोराने आवळणं, ट्रायल घेऊन ऐकणं. उघडणं आणि निदान शेवटी. आमच्याकडे नेमकं उलट चालायचं, नव्या पोराला रात्रपाळीत एकट्याने ब्रेकडाउन. बाईंनी तेव्हा सांगितलं की मानवशास्त्रज्ञ जीन लेव्ह यांनी लायबेरियातल्या शिंप्यांच्या हाताखाली शिकणाऱ्या उमेदवारांचा अभ्यास केला तेव्हा हाच क्रम दिसला होता. मुलगा आधी बटणं लावतो, काठ दुमडतो, मग शिवण, आणि कापड कापायला अगदी शेवटी, कारण कापताना चुकलं तर कापडच वाया जातं. लेव्ह आणि एटियेन वेंगर यांनी १९९१ मध्ये अशा उमेदवारीच्या अभ्यासांवरून, माणूस कामात सामील होत होत शिकतो, अशी मांडणी केली. काकांनी त्यांचं काही वाचलेलं नाही, हे सांगायला नको.

मोठ्या ब्रेकडाउननंतर लगेच, जागेवर उभ्यानेच, चार प्रश्न विचारायची सवयही बाईंनीच लावली. काय व्हायला हवं होतं, काय झालं, फरक का पडला, पुढच्या वेळी काय करायचं. हे मूळ अमेरिकी सैन्याच्या सरावानंतरच्या आढाव्यातलं आहे. नियम एकच: ‘कुणामुळे’ हा प्रश्न नाही. पहिले काही आढावे अगदी मुके गेले. सगळे जमिनीकडे बघत. मग एका इलेक्ट्रिशियनने आपणहून सांगितलं की फिल्म बदलली तेव्हा फिल्मवरची छापील खूण ओळखणारा आय-मार्क सेन्सर पुन्हा शिकवायचा राहिला, त्यातून सगळा गोंधळ झाला. त्याला कुणी काही बोललं नाही. तिथून लोक बोलायला लागले.

याचा एक परिणाम वर पोचला आणि थोडी धावपळ झाली. नोंदवलेल्या किरकोळ बिघाडांचा आकडा वाढला. साहेबांचा मेल आला, ट्रेनिंगवर खर्च करून बिघाड वाढले कसे? सुदैवाने उत्तर तयार होतं. एमी एडमंडसन या संशोधिकेने १९९०च्या दशकात रुग्णालयांतल्या नर्सिंग युनिट्समध्ये औषधांच्या चुका मोजल्या, तेव्हा चांगल्या चाललेल्या युनिट्समध्ये चुका जास्त दिसल्या. तिथे चुका जास्त होत नव्हत्या, तिथे त्या सांगितल्या जात होत्या. आमचंही तेच. लाइन थांबण्याचा वेळ वाढलेला नव्हता, लॉगबुक फक्त खरं झालं होतं. साहेबांना पटलं की नाही कोण जाणे, पण पुन्हा मेल आला नाही.

समन्वयकाला पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो बाईंसाठी नाही; कंपनीने त्यांना आठवड्यातून मोजके दिवस आणि फक्त दिवसपाळीत पाठवलं म्हणून. रात्रपाळीला जास्त गरज असते.

डॅशबोर्डबद्दल लिहावं असं फारसं नाही. लॉगिन किती, व्ह्यू किती, ‘एंगेजमेंट’ किती. डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्येच ट्रेनिंग मोजायच्या चार पायऱ्या सांगितल्या: लोकांना कसं वाटलं, ते काय शिकले, कामात काय बदललं, आणि शेवटी निकाल काय. हा डॅशबोर्ड पहिल्या पायरीच्याही अलीकडे उभा आहे. मी माझ्यापुरतं वहीत दोन गोष्टी पाहत गेले: तोच बिघाड त्याच मशिनवर पुन्हा येतो का, आणि सुट्टीवरच्या काकांना रात्री फोन जातो का. सीलिंगच्या बाबतीत दोन्ही स्पष्ट कमी झाले. इन्व्हर्टर आणि सर्व्हो ड्राइव्हच्या बाबतीत काडीचा फरक नाही, आणि त्याचं कारण सरळ आहे, ते आमच्यात कुणालाच नीट येत नाही. दहा जणांनी आपलं अज्ञान एकमेकांना वाटून ज्ञान तयार होत नाही. त्यासाठी मशिन बनवणाऱ्यांचा इंजिनिअर बोलावून रीतसर कोर्सच करावा लागला, आणि तो झाल्यावर मात्र त्यातलं पुढे पसरवायला फळा कामी आला. डॅशबोर्डला एक गुण.

कुणी अशी सेवा घेणार असेल तर करारात दोन गोष्टी बघा. एक, तुमच्या लोकांनी लिहिलेल्या नोंदी करार संपल्यावर तुम्हाला कोणत्या स्वरूपात परत मिळणार. आमच्या करारात मजकूर मिळेल असं आहे, पण फोटो आणि व्हिडिओ त्याला जोडलेले मिळतील असं नाही; म्हणजे ‘खालच्या फोटोत बाण दाखवलाय तो बोल्ट’ एवढंच हातात उरणार. हे नंतर लक्षात आलं, आता प्रत्येक महत्त्वाची नोंद आम्ही छापून मशिनच्या फाइलमध्येही ठेवतो. दोन, पोस्ट काढून टाकायचा अधिकार तुमच्या माणसाकडे हवा, त्यांच्या मदतकक्षाकडे नव्हे. आणि जिथे लोक सतत बदलतात, कंत्राटावर येतात-जातात, तिथे हे सगळं आमच्याइतकं चालेल असं मला वाटत नाही. तिथे काका व्हायला कुणाला वेळच मिळत नाही.

नूतनीकरणाची वेळ आलीय. समन्वयकाचे दिवस वाढवा, त्यातले काही रात्रपाळीत द्या आणि गुणफलक बंद करा, एवढं मी लिहून दिलंय. दिवस वाढवायला ते तयार आहेत. गुणफलक बंद करणं हे ‘कस्टमायझेशन’मध्ये येतं आणि त्याला वेगळा आकार पडेल, असं त्यांचं उत्तर आलंय.